सगळ्या कप्प्यांची किल्ली

लमजद कमून एकोणीस वर्षं सफाक्स शहरातल्या एका वर्तमानपत्रात शेवटची नजर टाकायच्या टेबलावर बसला. बातम्या लिहिणारे वेगळे, त्यांची नावं छापून यायची. लमजदचं काम एवढंच, की पान छपाईला जाण्याआधी ते अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि चूक दिसली की लाल पेनानं गोल करायचा. त्याच्या नजरेतून निसटलेली चूक दुसऱ्या दिवशी बाब जिब्लीच्या बाजारात माशाच्या पुड्यावर त्यालाच वाचायला मिळायची, आणि त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसऱ्या माणसानं वाचल्याशिवाय एक ओळ छापायची नाही, हा त्याचा नेम होता. संपादकांशीसुद्धा तो त्यावरून भांडलेला होता.

पुढे ते वर्तमानपत्र बंद पडलं. लमजद ऑलिव्ह तेलाच्या एका कारखान्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा मजकूर लिहायला लागला. अरबीत चार ओळी, फ्रेंचमध्ये चार ओळी. एवढ्यात त्याचं मन कुठलं रमायला? मग संध्याकाळी तो ओपन सोर्सच्या मंडळींत जाऊन बसायला लागला. ही माणसं नोकरीधंदा सांभाळून फावल्या वेळात संगणकाच्या प्रणाली लिहायची आणि जगाला वाटून टाकायची. कुणीही आतला कोड वाचावा, बदलावा, वापरावा. लमजदला कोड फारसा येत नव्हता, पण लागेल तेवढा तो शिकला. त्याला खुपत होतं ते वेगळंच.

"तुमचं काम सोन्यासारखं," तो त्यांना म्हणायचा, "पण कुणाला पत्ता आहे का त्याचा? तुमच्या पानावरची शेवटची बातमी तीन वर्षांपूर्वीची आहे. लोकांना वाटतं, गेलात तुम्ही."

खरंच तसं होतं. असे सात प्रकल्प त्याच्या ओळखीचे होते. एक ग्रंथालयांच्या यादीचा, एक अक्षरांच्या वळणांचा, एक बसच्या वेळापत्रकाचा, असे. प्रत्येकाचं पान वेगळं, पत्रांची यादी वेगळी, आणि बातमी लिहायला कुणालाच सवड नाही. लमजदनं मनावर घेतलं, की या सगळ्यांसाठी मिळून एकच बातमीघर बांधायचं. प्रत्येक प्रकल्पाला त्यात आपला कप्पा. बातमी एकदाच लिहायची आणि कप्प्यात टाकायची. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या माणसानं ती वाचून मंजूर केली, की ती आपोआप त्यांच्या पानावर, सगळ्यांच्या सामाईक पानावर आणि हजारो वाचकांच्या टपालात जाऊन पडणार. सव्वा वर्ष तो त्या आराखड्याशी झटत होता. त्याची बायको नबीहा कंटाळून म्हणायची, "पेपर बंद पडला म्हणून मी सुटले असं वाटलं होतं. आता घरातच काढलास होय?"

या सातांतला त्याचा सगळ्यात लाडका प्रकल्प म्हणजे 'नुत्क'. संगणकाच्या पडद्यावरचं अरबी मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज. दक्षिणेकडच्या गाबेस शहरातले अब्दुलहफीज यांनी तो घडवला होता. एकसष्ट वर्षांचे, जन्मांध, हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. सगळे त्यांना अम्म हफीज म्हणत. काकाच होते ते सगळ्यांचे. त्यांच्या जोडीला झुहूर नावाची गाबेसचीच एक तरुण शिक्षिका होती. शाळा सुटली की ती त्यांच्याकडे जाऊन बसायची आणि एकेक शब्द कानानं तपासायची. नुत्कच्या बातम्याही तीच लिहायची.

बातमीघराचा आराखडा ठरवताना लमजदशी वाद घातला तो तिनंच.

"सी लमजद, बातमीखाली माणसांची नावं हवीत," ती म्हणाली होती; 'सी' म्हणजे साहेब. "कुणी लिहिली, कुणी मंजूर केली. दोन्ही."

"कशाला? बोलतो तो पेपर. टेबलावरचा माणूस नाही बोलत."

"पण चुकलं तर कुणाला विचारायचं?"

"चुकायचंच नाही, म्हणून तर दोन माणसं ठेवलीत ना!" लमजद हसला होता. "झुहूर, मी एकोणीस वर्षं हेच केलंय."

वयाचा आणि अनुभवाचा मान राखून ती गप्प बसली. नावं राहिली नाहीत. नोंदीतसुद्धा फक्त प्रकल्पाचं नाव राहायचं. आणि आणखी एक गोष्ट लमजदनं कुणाला फारसं न विचारता करून टाकली. प्रत्येक माणसाला आपापल्या कप्प्याची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, होतीच; सगळे कप्पे उघडणारी एक किल्ली त्यानं स्वतःपाशी ठेवली. कुठे शुद्धलेखनाची चूक राहिली तर दुरुस्त करता यावी, एवढंच तेव्हा त्याच्या मनात होतं.

मे महिन्यात मोनास्तीरला ओपन सोर्सवाल्यांचा मेळावा भरला. लमजदला आपलं बातमीघर दाखवायला वीस मिनिटं मिळाली होती. नबीहानं त्याचा राखाडी कोट इस्त्री करून दिला. तिथे पोचल्यावर चहाच्या खोलीत बसून त्यानं कप्पे उघडून पाहिले. दाखवावं असं त्यांत काही नव्हतंच. बसवाल्यांची एक सुट्टीची सूचना, ग्रंथालयवाल्यांचं एक आभाराचं पत्र. ऐंशी माणसांसमोर हे दाखवायचं?

नुत्कच्या कप्प्यात मात्र एक बातमी पडून होती, झुहूरनं लिहिलेली. 'नुत्कची चौथी आवृत्ती तयार. आवाज पूर्वीपेक्षा दुप्पट वेगवान. पूर्ण तपासलेली.' मथळा झकास, मजकूर नेटका, आवृत्ती उतरवून घ्यायचा दुवाही सोबत. खाली तिनं आतल्या माणसांसाठी टीप लिहिली होती: 'अम्म हफीज हो म्हणेपर्यंत सोडू नये. शद्दा आला की आवाज अजून अडकतो.' शद्दा म्हणजे अक्षर दुप्पट जोरानं म्हणायची ती डोक्यावरची बारीकशी खूण. ती लागणार नाही असं अरबीचं पान शोधून सापडायचं नाही.

लमजदनं टीप वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. टीप आठ दिवसांपूर्वीची होती. त्यानं अम्म हफीज यांना फोन लावला. ते भाचीच्या लग्नासाठी डोंगरातल्या गावी गेले होते, फोन बंद लागला. झुहूरला लावावा असं त्याच्या मनात आलं, पण ती 'नाही' म्हणाली तर? म्हणून त्यानं तो लावला नाही. आठ दिवसांत झालं असेल दुरुस्त, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग आपल्या किल्लीनं नुत्कचा कप्पा उघडला, मंजुरी दिली आणि वेळ लावून ठेवली, अकरा वाजून वीस मिनिटं.

अकरा वीसला तो व्यासपीठावर होता. "आता बघा," तो म्हणाला, आणि सभागृहात एकामागून एक फोन वाजायला लागले. टुण, टुण, टुण. माणसं फोन काढून वाचू लागली, एकमेकांना दाखवू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वाह, सी लमजद! म्हाताऱ्यानं जिंकलं!" पेपर बंद पडल्यापासून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दक्षिणेकडच्या एका गावात अंध मुलामुलींची शाळा होती. तिथले संगणक शिक्षक सी तुहामी यांच्या टपालातही ती बातमी पडली. मंगळवारी मुलांची मोठी परीक्षा होती, प्रश्नपत्रिका कानाला हेडफोन लावून संगणकावर ऐकून सोडवायची. 'पूर्ण तपासलेली' हे शब्द वाचून त्यांनी रविवारी मोठ्या हौसेनं चौदाच्या चौदा संगणकांवर नवी आवृत्ती चढवली. सुरुवातीची दोन वाक्यं लावून ऐकली. आवाज खरोखर सुरेख होता. मुलांना बरं वाटेल, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी प्रश्नपत्रिकेच्या तिसऱ्या ओळीला शद्दा आला. चौदाही संगणक गप्प झाले.

बुधवारी सी तुहामींचं पत्र सगळ्यांच्या टपालात आलं. शिवी नव्हती त्यात एकही. मुलं चाळीस मिनिटं कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिली, परीक्षक बाहेरचे असल्यानं मला आत जाऊ दिलं नाही, एक मुलगी रडत बाहेर आली, परीक्षा पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज केला आहे, असं सरळ लिहिलं होतं. शेवटी एकच प्रश्न होता: 'पूर्ण तपासलेली असं कुणी लिहिलं, आणि कुणी वाचलं?'

तासाभरात लग्नघरून परतलेल्या अम्म हफीज यांचं उत्तर आलं. तेही सगळ्यांना. 'मी हो म्हटलेलं नाही. मंजुरीचं ते पान माझ्या बोटांना सापडत नाही, म्हणून माझी किल्ली मी झुहूरला देऊन ठेवली होती. दोन्ही किल्ल्या तिच्याकडेच होत्या. यापुढे काय बोलू? मुलांची माफी मागतो.'

लमजद कारखान्याच्या कचेरीत होता. समोर पाचशे मिलीच्या बाटलीची चिठ्ठी उघडी होती. त्यानं ते उत्तर वाचलं. मी केलं, एवढे दोनच शब्द लिहायचे होते. त्यानं उत्तराचं पान उघडलं, आणि बोटांनी लिहिलं ते असं: 'घडलेल्या प्रकाराबद्दल खेद आहे. बातमीघरातर्फे तपास सुरू आहे.' हे वाक्य त्यानं पेपरात शेकडो वेळा तपासून सोडलं होतं. त्यात कुणीच नसतं.

दुपारी झुहूरचा फोन आला. ती धापा टाकत होती, बहुधा शाळेच्या जिन्यात उभी असावी.

"सी लमजद, मी नाही हो केलं. आईची शपथ. मला रविवारी बातमी दिसली तेव्हा वाटलं, अम्म हफीजनीच हो म्हणून दुसऱ्या कुणाकडून बटण दाबून घेतलं असेल."

"हं."

"तुमच्याकडे नोंद असेल ना? कोणत्या किल्लीनं उघडलं, ते दिसत असेल की."

"नोंदीत फक्त प्रकल्पाचं नाव राहतं, झुहूर."

शब्दन् शब्द खरा होता.

"म्हणजे काहीच कळणार नाही?" ती म्हणाली. "मग मी कसं सांगू त्यांना? ते माझ्याशी बोलत नाहीयेत. मी दारात जाऊन आले, तर काकूंनी सांगितलं झोपलेत म्हणून. आतून रेडिओ ऐकू येत होता."

"बघतो मी," लमजद म्हणाला.

त्यानं काही बघितलं नाही. नऊ दिवस तो कारखान्यात जात राहिला, चिठ्ठ्या लिहीत राहिला. पत्रांच्या यादीत लोक झुहूरबद्दल लिहीत होते. कुणी म्हणे, घाई झाली असेल पोरीला, नाव व्हावंसं वाटलं असेल. कुणी म्हणे, अंध माणसाचा विश्वास असा मोडायचा? लमजद ते सगळं वाचायचा आणि एका जागी शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती त्याच्या डोळ्याला खुपायची. एवढ्यातही ती खुपते, याचीच त्याला किळस आली. शुक्रवारी नबीहाच्या भावानं कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, परातीभोवती सगळ्यांसमोर त्याला चिडवलं, "काय दाजी, मोनास्तीरच्या टाळ्या अजून कानात वाजतायत वाटतं? घास हातात धरून बसलायस!" सगळे हसले. लमजदनं घास खाली ठेवला आणि हात धुवायला उठला.

दहाव्या दिवशी सकाळी अम्म हफीज यांचा फोन आला.

"लमजद, बाळा, एक काम होतं. झुहूरनं काम सोडलं. किल्ल्या परत पाठवल्या. कप्प्यात एक पत्र टाकलंय तिनं. सगळ्यांना जाऊ दे म्हणते."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, मजकूर माझा होता म्हणजे दोषही माझा आहे, मुलांनी क्षमा करावी. तीन वर्षांत तपासलेले सगळे शब्द जोडलेत सोबत, पुढच्या माणसाला उपयोगी पडतील म्हणून." मग ते म्हणाले, "रागावलोय मी तिच्यावर, पण पत्र चांगलं आहे. आता मंजूर कोण करणार? ते बटण काही मला सापडत नाही. तुझ्याकडे सगळ्या कप्प्यांची किल्ली आहे म्हणालास ना मागे? तूच सोड."

लमजद भिंतीला टेकला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "अम्म हफीज, ते पत्र सोडायचं नाही. मी येतो."

"अरे, पत्रासाठी इतक्या लांब येतोस?"

त्यानं फोन ठेवला, कचेरीत पोट बिघडल्याचं सांगितलं आणि थेट गाबेसला जाणाऱ्या जीपच्या अड्ड्यावर गेला. आठ माणसं भरेपर्यंत गाडी हलेना. सातवा माणूस आला तेव्हा लमजदला वाटलं, आठवा न आला तर बरं. पण आठवी एक बाई आली, मांडीवर मेंदीच्या पाल्याची पिशवी घेऊन, आणि गाडी सुटली.

अम्म हफीज अंगणातल्या लिंबाखाली एक उघडा रेडिओ मांडून बसले होते. लमजदच्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं आणि आत बघून हाक दिली, "चहा टाका, सफाक्सचा पाहुणा आलाय."

"चहा नको," लमजद म्हणाला. त्याला बसवेना. उभ्यानंच त्यानं सांगून टाकलं. किल्ली कशी ठेवली, चहाची खोली, लावलेली वेळ, सगळं. अम्म हफीज यांच्या हातातला पेचकस रेडिओच्या पोटात तसाच थांबला.

"टीप होती ना तिची?" त्यांनी विचारलं.

"होती."

"वाचलीस?"

"वाचली."

"वाचून केलंस."

"हो."

त्यांनी पेचकस बाजूला ठेवला. मग म्हणाले, "टाळ्या चांगल्या पडल्या का रे?"

"पडल्या," लमजद म्हणाला.

"मी त्या पोरीला दारातून परत पाठवलं," अम्म हफीज म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "रेडिओ मोठा केला, तिला ऐकू जावा म्हणून. माझ्या पोरीसारखी ती. आणि तू तिथे बसून हे सगळं वाचत होतास."

त्यांनी खिशातून फोन काढला, झुहूरला लावला आणि दोघांना ऐकू येईल असा दगडी कट्ट्यावर ठेवला. "झुहूर, मी बोलतोय. माझं चुकलं, बेटा. तू नव्हतीस. लमजद आलाय इथे. त्याला काही सांगायचंय."

लमजदनं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी ते आणखी छोटं झालं, चार वाक्यांत संपलं. पलीकडून मुलांचा गोंगाट येत होता, मधली सुट्टी असावी.

"सी लमजद," शेवटी ती म्हणाली, "मी तुम्हाला फोन केला होता."

"हो."

"नोंद राहत नाही म्हणालात."

"हो."

"तुम्हाला नोंद कशाला लागत होती?"

तिनं थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.

लमजद पिशवीतून संगणक काढायला लागला. "मी आत्ताच लिहितो. सातही कप्प्यांत टाकतो. माझ्या नावानं."

"लिही," अम्म हफीज म्हणाले. "पण तुझ्या किल्लीनं नाही सुटणार ती. मंजूर मी करणार. आणि माझ्या बोटांनी."

"पण ते बटण तुम्हाला—"

"मग ते आधी नीट कर."

तेव्हा लमजदला पहिल्यांदा कळलं, की 'सापडत नाही' म्हणून हा माणूस त्याला काय सांगत होता. मंजुरीचं बटण त्यानं चित्राचं केलं होतं, हिरवी बरोबरची खूण. दिसायला छान होती. तिला शब्द जोडायचा राहून गेला होता, त्यामुळे नुत्क तिथे पोचला की काहीच बोलायचा नाही. अंधांसाठी आवाज घडवणाऱ्या माणसाला लमजदनं मुकं बटण दिलं होतं, आणि ते सापडत नाही म्हणून त्या माणसानं आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. कोड बेताचाच येत असल्यानं त्याला दोन तास लागले. अम्म हफीज शेजारी बसून दर वेळी तपासायचे आणि म्हणायचे, "नाही. अजून गप्प आहे." शेवटी संगणकातून त्यांचाच घडवलेला आवाज आला, "मंजूर करा." मग त्यांनी लमजदची बातमी पूर्ण ऐकली. एके जागी त्याला थांबवलं.

"'घाईत निर्णय घेतला गेला' असं लिहिलंयस. कुणी घेतला?"

"मी घेतला."

"तसं लिही."

त्यानं तसं लिहिलं. अम्म हफीज यांनी बटण दाबलं. नबीहानं ती बातमी घरी नणंदेच्या फोनवर वाचली. संध्याकाळी तो परतला तेव्हा तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं, समोर बसली, आणि एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस." ते त्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात दोन प्रकल्प बातमीघर सोडून गेले. लमजदनं त्यांना थांबवलं नाही. सगळ्या कप्प्यांची किल्ली त्यानं मोडून टाकली आणि प्रत्येक बातमीखाली लिहिणाऱ्याचं आणि मंजूर करणाऱ्याचं नाव यायला लागलं. पाच प्रकल्पांचं बातमीघर अजून चालू आहे. लोक म्हणतात, चांगलं चालतं. झुहूर परत आली नाही. अम्म हफीज तिच्या घरी दोनदा जाऊन आले. तिनं त्यांना खजूर-ताक दिलं, गप्पा मारल्या, पण कामाचा विषय निघाला की उठून आत जायची. आता ती कुठल्याशा शब्दकोशाच्या कामात आहे, असं ऐकून आहे.

परीक्षा पुन्हा झाली. चौदांपैकी तेरा मुलं बसली. रडत बाहेर आलेली ती मुलगी, रुमैसा, संगणकावर बसायला तयार होईना. तिनं ठिपक्यांच्या लिपीत परीक्षा दिली आणि पास झाली.

ऑक्टोबरमध्ये लमजदनं सी तुहामींना पत्र लिहून शाळेत यायची परवानगी मागितली. त्यांनी लिहिलं, 'या. भाषण नको.' तो गेला. वर्गात उभं राहून त्यानं आपण कोण ते सांगितलं आणि माफी मागितली. मग खिडकीपाशी बसलेल्या रुमैसानं विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का, आम्हाला काय वाटलं ते?"

"नाही."

"मला वाटलं फक्त माझाच बंद पडलाय. बाकी सगळे लिहितायत. म्हणून मी कुणाला विचारलंच नाही." तिनं मान वळवली. "नंतर कळलं, प्रत्येकाला तसंच वाटत होतं."

घंटा झाली. मुलं बाकांना हात लावत बाहेर गेली. सी तुहामी म्हणाले, "लबलाबी केलंय आज, जेवून जा." लमजदला ते चण्यांचं जेवण न घेताच निघायचं होतं, पण नाही म्हणायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तो मुलांच्या रांगेत वाडगा घेऊन उभा राहिला.